टाक्याला पत्ता असू द्या

मागच्या अंकात मी माझ्या एका हातरुमालाचा उल्लेख केला होता. अर्ज करून थकल्यावर भरतकाम केलेला रुमाल घेऊन मी एका अधिकाऱ्यांना भेटले, एवढंच लिहिलं होतं. त्यावर बावीस पत्रं आली. भरतकाम, विणकाम, गोधडीकाम यांतून एखाद्या अन्यायाबद्दल शांतपणे बोलायचं, या पद्धतीला जगभर क्राफ्टिव्हिझम म्हणतात. बेट्सी ग्रीअर या अमेरिकन लेखिकेनं २००३ च्या सुमारास हा शब्द रूढ केला. शब्द नवा आहे, काम जुनं आहे. पत्रांतले सहा प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, माझं वय एकसष्ट. दोन्ही गुडघे गेलेत, गर्दीत जीव घाबरा होतो. मोर्चाला जाणं जमत नाही, घोषणा देणं तर आयुष्यात जमलं नाही. भरतकाम मात्र पन्नास वर्षं करतेय. सुईनंही प्रश्न मांडता येतो असं तुम्ही म्हणता. याचा खरंच उपयोग होतो, की आपण काहीतरी केलं एवढंच मनाचं समाधान?

उत्तर : उपयोग होतो. पण सुईत दोरा ओवायच्या आधी एक गोष्ट ठरलेली हवी, की हे कुणाच्या हातात जाणार आहे. पत्र टाकताना आपण पाकिटावर पत्ता घालतो, तसा टाक्यालाही पत्ता लागतो. ‘समाजासाठी’ म्हणून केलेलं भरतकाम भिंतीवर छान दिसतं आणि भिंतीवरच राहतं.

माझा धाकटा भाऊ चाकाच्या खुर्चीवर असतो. वर्षातून एकदा त्याला एका कार्यालयात स्वतः हजर व्हावं लागायचं. दाराशी तीन पायऱ्या. दरवेळी दोन माणसं त्याला खुर्चीसकट उचलायची आणि तो तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचा. चार वर्षांत मी पाच अर्ज दिले. पाचव्याला उत्तर आलं, ‘नोंद घेण्यात आली आहे.’ त्या रात्री मी जे पत्र लिहिलं ते पाठवलं असतं, तर मला त्या दारात पुन्हा पाऊल ठेवता आलं नसतं. ते फाडलं आणि पांढरा सुती रुमाल काढला.

कोपऱ्यात तीन पायऱ्या धावदोऱ्यानं, त्यांच्या पायथ्याशी साखळी टाक्याचं एक चाक, चाकाला आठ आऱ्या. पहिल्या दोन संध्याकाळी मी दोरा इतका ओढत होते की कापडाला चुण्या पडल्या. रागात हात घट्ट होतो. सगळं उसवलं. तिसऱ्या दिवशी हात सैल झाला आणि डोकं चालायला लागलं. एकेक आरी भरताना वाटत होतं, ज्यांना मी अर्ज देत होते ते साहेब रोज त्याच पायऱ्या चढतात, त्यांना त्या दिसतही नसतील. मग मनात आलं, खर्चाला मंजुरी द्यायचा अधिकार त्यांना आहे तरी का? दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. नव्हता. इमारतीची दुरुस्ती वेगळ्याच विभागाकडे होती. माझे पाचही अर्ज चुकीच्या टेबलावर गेले होते. जे चार वर्षांत सुचलं नाही ते अकरा संध्याकाळच्या भरतकामात सुचलं.

रुमाल घेऊन मी योग्य माणसासमोर बसले. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, मागच्या गाठी बघितल्या आणि विचारलं, “किती दिवस लागले?” अकरा म्हटल्यावर त्यांनी समोरची फाईल मिटली. कागद हातात आला की माणूस शेवटची ओळ शोधतो, काय मागितलंय ते बघायला. शिवलेली वस्तू तो उलटून बघतो. तेवढ्या वेळात मला भावाबद्दल बोलता आलं. पुढे काय झालं ते शेवटच्या उत्तरात सांगते, कारण ते सरळ घडलं नाही.

इंग्लंडमधल्या सारा कॉर्बेट यांचं काम तुम्हाला जवळचं वाटेल. त्या सामाजिक मोहिमांमध्येच नोकरी करायच्या, पण स्वभावानं अबोल, आणि त्या धबडग्यानं पार थकून गेलेल्या. २००८ साली एका रेल्वेप्रवासात त्यांनी फुलीच्या टाक्याचा छोटा संच हातात घेतला आणि तिथून त्यांना ही वाट सापडली. २००९ मध्ये त्यांनी क्राफ्टिव्हिस्ट कलेक्टिव्ह सुरू केलं. २०१५ साली मार्क्स अँड स्पेन्सर या कंपनीनं कर्मचाऱ्यांना नीट जगता येईल एवढं वेतन द्यावं, म्हणून त्यांच्या गटानं संचालक मंडळातल्या १४ जणांसाठी १४ रुमाल भरले. प्रत्येक रुमाल वेगळा. ज्याला द्यायचा त्याची माहिती काढायची, त्याला काय आवडतं ते बघायचं, मग नक्षी ठरवायची. पुढच्या वर्षी कंपनीनं पगारवाढ जाहीर केली. त्या मागणीमागे भागधारकांबरोबर काम करणारी संस्थाही होती, तेव्हा सगळं श्रेय रुमालांना देऊ नये. पण चौदा माणसं आणि चौदा वेगळे रुमाल, हा हिशेब मी विसरत नाही.

मोर्चाला जाता येत नाही हे मनाला लावून घेऊ नका. तुमच्या हातात पन्नास वर्षांची सफाई आहे. कोणता प्रश्न तुम्हाला झोपू देत नाही आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, एवढं शोधा आणि मला कळवा.

प्रश्न : रुमालावर मराठी अक्षरं भरायला घेतली की ओळ वाकडी जाते, जोडाक्षरांचा गोळा होतो. इंग्रजी अक्षरांचे छापील नमुने मिळतात, देवनागरीचे शोधूनही सापडत नाहीत. काही युक्ती सांगाल का?

उत्तर : या प्रश्नानं फार आनंद झाला. देवनागरी भरताना नेहमीची चूक म्हणजे शिरोरेखा आधी ओढणं. वहीत आपण शब्द लिहून मग वर रेघ मारतो, कापडावरही तसंच करा. आधी पेन्सिलनं दोन समांतर रेघा आखा, दोन्हींत दीड सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर नको. वरच्या रेघेच्या वर एक सेंटिमीटर जागा मात्रा, वेलांटी, अनुस्वारासाठी सोडा आणि खालच्या रेघेखाली तेवढीच उकारांसाठी. काने आणि उभे दंड पहिल्यांदा भरा, म्हणजे सगळे एका उंचीचे होतात. मग गोलाई. शिरोरेखा अगदी शेवटी, पूर्ण शब्दाची एकाच दोऱ्यात, मध्ये न तोडता. अक्षरांतली बारीकसारीक उंचसखल तीच झाकते.

सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या. अक्षराला उलटा टाका, म्हणजे सुई पुढे काढून मागच्या टाक्याच्या टोकाला परत आणायची. टाका तीन मिलिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर ‘ळ’ चौकोनी दिसतो. अनुस्वाराला गाठीचा टाका सुरेख बसतो. साखळी टाक्यात अक्षर जाड होतं, तो मोठ्या फलकालाच वापरा.

जोडाक्षरांचं म्हणाल, तर शक्य तिथे टाळा. त्यासाठी शब्द बदलावे लागतात आणि मजकूर आपोआप सुधारतो. ‘सुरक्षिततेची व्यवस्था करावी’ हे भरायला आठवडा जाईल आणि वाचणारा ते विसरूनही जाईल. ‘मुलं इथून शाळेत जातात’ यात एकही जोडाक्षर नाही, आणि वाचणाऱ्यासमोर मूल उभं राहतं. चार-पाच शब्दांच्या वर जाऊ नका.

कापडावर उतरवण्याआधी मजकूर दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. भरणाऱ्याला अक्षरं काही वेळानं नुसत्या रेघा दिसायला लागतात आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक निसटते. शिरोरेखा ओढून झाल्यावर ‘नि’ची ‘नी’ करणं किती जिवावर येतं, ते मला ठाऊक आहे.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. जगात माणसं गायब केली जातात, आणि तुम्ही रुमाल भरा म्हणता. याला सौम्य म्हणायचं की भित्रं? मला राग येतो, तो चूक आहे का? आणि पुरुषानं सुई हातात घेतलेली चालते का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी. चालते. घ्या.

राग चूक नाही. तुम्ही गायब केलेल्या माणसांबद्दल लिहिलंत, म्हणून चिलीतल्या बायकांबद्दल सांगते. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथे लष्करानं सत्ता बळकावली आणि लष्करप्रमुख पिनोशेंची राजवट सुरू झाली. माणसं घरातून उचलली जायची आणि परत यायची नाहीत. त्यांच्या आया, बायका, बहिणी तुरुंगांच्या आणि शवागारांच्या दारांशी हेलपाटे घालत होत्या. सँटियागोमध्ये चर्चच्या आश्रयानं त्या एकत्र शिवायला बसू लागल्या. १९७६ पासून विकारिया दे ला सोलिदारिदाद हे चर्चचं कार्यालय त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. पिठाच्या, साखरेच्या पोत्यांच्या तरटावर कापडाचे तुकडे शिवून त्या चित्रं करायच्या. तरटाला स्पॅनिशमध्ये आर्पियेरा म्हणतात, तेच नाव त्या चित्रांना पडलं.

लांबून बघितलं तर डोंगर, सूर्य, घरं, रंगीत कपड्यांतली बाहुल्यांसारखी माणसं. लहान मुलाच्या खोलीत लावावं असं काहीतरी. जवळ गेलं की दिसतं, दाराशी शिपाई उभा आहे, आणि बायकांच्या हातातल्या फलकावर शिवलंय, ‘ते कुठे आहेत?’ काही चित्रांतले तुकडे गायब झालेल्या माणसाच्याच कपड्यांचे होते. काहींच्या पाठीला छोटासा खिसा असायचा आणि खिशात घडी घातलेली चिठ्ठी. ही चित्रं गुपचूप देशाबाहेर जायची, तिथे विकली जायची. पैसे त्या घरांना मिळायचे, बातमी जगाला. देशातली वर्तमानपत्रं जे छापू शकत नव्हती ते तरटावर शिवलं गेलं.

या बायकांचा पत्ता कोणता होता ते लक्षात घ्या. पिनोशे ऐकणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी शिवलं ते परदेशातल्या अनोळखी माणसासाठी, जो चित्र विकत घेईल, घरी जाऊन ते उलटेल आणि खिशात बोट घालील.

शेजारच्या अर्जेंटिनात ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा स्त्रिया ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. त्यांची मुलं लष्करानं नेली होती. एका जागी उभं राहून जमाव करायला बंदी होती, म्हणून त्या चालत राहिल्या, चौकात गोल गोल. पुढे एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधलं. सुरुवातीला ते बाळाच्या लंगोटाचं कापड होतं. नंतरच्या पांढऱ्या रुमालांवर हरवलेल्या लेकरांची नावं भरली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्यातल्याच काही जणींना पळवून नेऊन मारलं, तरी बाकीच्यांनी चालणं थांबवलं नाही. ही भित्र्यांची वाट नव्हे.

पण कापड कुणाचा जीव वाचवत नाही, हेही त्यातूनच दिसतं आणि ते मी लपवणार नाही. कुणाला मारहाण चालू असेल तर तिथे आधी पोलीस, वकील, शेजारी, पत्रकार हवेत. ज्याच्या हातात काही बदलण्याची ताकद आहे आणि ज्याच्यापर्यंत आपण पोचू शकतो, त्याच्यासाठी रुमाल.

सौम्य म्हणजे मिळमिळीत असंही समजू नका. नोव्हेंबर १९४७ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचं लग्न झालं, तेव्हा गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं एक कापड त्यांना भेट पाठवलं. कापडाच्या मधोमध ‘जय हिंद’ विणलेलं होतं. ज्या घराण्याची सत्ता या देशावरून उठून तीनच महिने झाले होते, त्याच घरातल्या मुलीला दिलेला तो आहेर होता. त्यात माया आहे, आणि आपलं म्हणणं एका टाक्यानंही कमी केलेलं नाही. तुमचा राग असा एखाद्या वस्तूत उतरवून बघा. हात थरथरला तर थांबा, उसवा, पुन्हा घाला.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. आमच्या रस्त्यावरची झाडं रुंदीकरणात जाणार आहेत. आम्ही मैत्रिणी झाडांच्या बुंध्यांना रंगीत लोकरीच्या विणलेल्या पट्ट्या गुंडाळणार आहोत. कशी वाटते कल्पना?

उत्तर : झाडांसाठी तुम्ही एकत्र आलात, शाब्बास. लोकरीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

एप्रिल २००६ मध्ये मारियान योर्गेन्सेन या डॅनिश कलावतीनं कोपनहेगनमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या एका रणगाड्याला गुलाबी लोकरीनं पूर्ण झाकलं, अगदी तोफेच्या नळीसकट. इराक युद्धाचा तो निषेध होता. चार हजारांहून अधिक विणलेले चौकोन अनेक देशांतल्या लोकांनी पाठवले होते. रणगाडा आणि बाळाच्या टोपड्याची लोकर, या दोघांचा काहीच मेळ नाही, म्हणून बघणारा थबकतो. झाड मुळातच सुंदर आहे गं. त्याला लोकर गुंडाळली की लोक लोकरीचा फोटो काढतात आणि झाड मागे राहतं. शिवाय बाजारातली बरीचशी स्वस्त लोकर म्हणजे ॲक्रिलिक, एक प्रकारचं प्लास्टिक. पावसात पट्टी भिजून सालीला चिकटते, धागे सुटून मातीत जातात.

त्याऐवजी असं कर. मोजपट्टी घेऊन प्रत्येक झाडाचा घेर मोजा. हाताच्या पंजाएवढ्या सुती कापडावर झाडाचं नाव, घेर आणि त्याच्या सावलीत रोज कोण बसतं ते भरा, आणि सुती दोरीनं सैल बांधा. खिळा ठोकू नका. आठ दिवसांनी सगळी कापडं काढून एका लांब पट्टीवर शिवा. ती पट्टी उलगडली की अख्खा रस्ता टेबलावर येतो. ती ज्यांना द्यायची त्यांचं नाव आणि हुद्दा आधी काढून ठेव.

आणि हरकती नोंदवायची मुदत कधी संपते ते आजच बघ. लेखी हरकत आधी, भरतकाम नंतर. पट्टी देखणी झाली आणि तारीख उलटून गेली, असं होऊ देऊ नकोस.

प्रश्न : आमच्या बारा जणींच्या गटानं ठरवलंय, की इथल्या धोकादायक चौकात अपघातात गेलेल्या चार जणांच्या आठवणीसाठी गोधडी शिवायची आणि ती लोकांसमोर मांडायची. तीन घरं तयार आहेत. चौथं घर नको म्हणतं. आमच्यात दोन तट पडलेत. कुणी म्हणतं त्यांच्यासाठी रिकामा चौकोन ठेवूया. शिवाय कुणाचा तुकडा केवढा असावा, यावरही वाद आहे.

उत्तर : चौथं घर नको म्हणालं, तिथे विषय संपला. रिकामा चौकोनही विचारल्याशिवाय ठेवू नका. चौकात चार जण गेले हे सगळ्यांना ठाऊक आहे. तीन नावं आणि एक मोकळी जागा दिसली की चौथं नाव लोक मनातच वाचतात. ज्या घरानं दुःख दाराआड ठेवायचं ठरवलं, त्यांचं दार आपण उघडायचं नाही. तीन तुकड्यांची गोधडी शिवा. तीच पूर्ण आहे.

तुमच्या गटातल्या दुसऱ्या वादाचं, म्हणजे कुणाचा तुकडा केवढा, त्याचं उत्तर एड्सच्या स्मृतिगोधडीत आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या एका मेणबत्ती मोर्चात क्लीव्ह जोन्स यांनी लोकांना एड्सनं गेलेल्या आपल्या माणसांची नावं फलकांवर लिहायला सांगितली. ते फलक सरकारी इमारतीच्या भिंतीवर लावल्यावर त्यांना ते ठिगळांच्या गोधडीसारखं दिसलं. त्यातून खरीच गोधडी सुरू झाली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी ती वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आता सुमारे ५०,००० आहेत आणि वजन ५४ टन. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका थडग्याएवढा. कुणी प्रसिद्ध असो, कुणाचं नाव घरच्यांनीही टाकलेलं असो, जागा तेवढीच. तुम्हीही एकच माप ठरवा आणि ते मोडू नका.

घरच्यांनी दिलेले कपडे शिवायच्या आधी विचारा, धुवायचे की नाही. काहींना तो वास जपायचा असतो. झिजलेल्या कापडामागे नवं सुती अस्तर लावा, दीड सेंटिमीटर शिवण सोडा. जुन्या कापडाची शिवण उसवत नाही, कापडच फाटतं. नाव घरचे सांगतील तसं, त्यांच्याच हस्ताक्षरात कागदावर लिहून घ्या आणि तेच गिरवून भरा.

गोधडी लोकांसमोर मांडायची असं लिहिलंय. लोक येतील, डोळे पुसतील, घरी जातील. चौकात सिग्नल किंवा गतिरोधक कुणाच्या सहीनं होतो? त्या व्यक्तीला बोलवा. गोधडीशेजारी एका साध्या कागदावर अपघातांच्या तारखा आणि वेळा लिहून ठेवा. कापड पाहून माणूस थांबतो, पण सही करायला त्याला कागद लागतो.

प्रश्न : तुमचं वाचून मी आमच्या वाचनालयाच्या प्रमुखांना भरतकाम केलेला रुमाल पाठवला. दृष्टिहीन मुलांसाठी ऐकण्याची पुस्तकं ठेवा, एवढीच विनंती. पाच महिने झाले. पोच नाही, उत्तर नाही. सोबत रुमालाचा फोटो जोडलाय. मन खट्टू झालंय.

उत्तर : खट्टू होणं साहजिक आहे. तुम्ही त्यात किती संध्याकाळ घातल्या असतील ते फोटोत दिसतंय. पाकळ्यांच्या आतली लांब-आखूड टाक्याची छटा मला फार आवडली.

माझ्या रुमालाचं पुढे काय झालं ते सांगते. पायऱ्यांशेजारी उतार व्हायला चौदा महिने लागले. तेवढ्यात मी तीनदा जाऊन आले. उतार झाला तेव्हा भावाला घेऊन गेले, आणि तो इतका उभा होता की खुर्ची मागे घसरत होती. जागा होती तेवढ्यात बसवून टाकलेला. भाऊ काही बोलला नाही. पुन्हा दोन माणसं आली, पुन्हा त्यानं डोळे मिटले. घरी येताना मला रडू आवरेना.

चाकाच्या खुर्चीच्या उताराचं मानलेलं प्रमाण एकास बारा आहे. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी. मी मॅटीचं कापड घेतलं, कारण त्याची घरं मोजता येतात. एक घर वर आणि बारा घरं आडवी, असा उतार निळ्या दोऱ्यानं फुलीच्या टाक्यात भरला. त्याच्या खाली बांधलेला उतार, जागेवर जाऊन टेपनं मोजलेला. एक घर वर आणि चार घरं आडवी. त्याला मुद्दाम करडा दोरा घेतला, लाल नको वाटला. शब्द एकही नाही, नुसते दोन उतार एकाखाली एक.

ज्यांनी पहिला रुमाल उलटून बघितला होता, त्याच साहेबांसमोर ठेवला. त्यांनी बोटानं घरं मोजली. मग पुन्हा मोजली. आणि फोन उचलून अभियंत्यांना बोलावलं. आता तो उतार भिंतीच्या कडेनं वळण घेऊन जातो. गेल्या खेपेला भाऊ त्यावरून एकटा चढला. मी पायऱ्यांनी गेले, तर तो माझ्या आधी आत पोचला होता.

तुमच्या पत्रात ‘पाठवला’ असा शब्द आहे. टपालानं आलेला रुमाल त्यांच्यापर्यंत पोचला की टपाल फोडणाऱ्याच्या खणात राहिला, कोण जाणे. आणि फोटो नीट बघितला. मजकूर चांगला आहे, पण रुमालावर त्यांचं नाव कुठेच नाही. तो कुणाचाही असू शकतो. दुसरा करा, लहानसा चालेल. कोपऱ्यात त्यांचं नाव भरा, आदरार्थी. फोन करून वेळ घ्या आणि स्वतः हातात द्या. ऐकण्याची पुस्तकं हवी असलेलं एखादं मूल आईवडिलांसह बरोबर येत असेल तर त्याला न्या. सोबत आधीच्या विनंतीची प्रत ठेवा, तारखेसकट.